पाचशे पावले अलीकडे: त्सो करच्या एप्रिलमधील एका पक्षी-सहलीचे परीक्षण

लडाखच्या चांगथांग पठारावर, त्सो कर सरोवराच्या परिसरात, एक चांगपा, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या भटक्या पशुपालकांपैकी, कुटुंब घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देते आणि त्या घरचा थोरला मुलगा पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेतो. गेल्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझी पत्नी आणि माझे मेहुणे असे तिघे जण त्या घरी चार रात्री राहिलो. घराचे नाव मी मुद्दाम देत नाही. वसंताच्या त्या पंधरा-वीस दिवसांत एका वेळी एकाच कुटुंबाला ठेवून घ्यायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे, आणि ‘नाव छापलेत तर नाही म्हणता म्हणता आमचा जीव जाईल,’ असे घरधन्यांनी निघताना हसत हसत पण स्पष्ट सांगितले होते. तरीही हे परीक्षण लिहितो आहे, कारण घरगुती मुक्काम आणि सोबत पक्षी दाखवणारा माणूस अशी जोडसेवा लडाखमध्ये आता पुष्कळ ठिकाणी मिळते, आणि तिची पारख कशावरून करावी हे मला या चार दिवसांत कळले. जाण्यापूर्वी मी ती भलत्याच गोष्टींवरून करत होतो.

आधी एप्रिलच का, ते सांगायला हवे. आम्ही इंदापूरकडचे, उजनी धरणाचा फुगवटा आमच्या घरापासून पाऊण तासावर आहे. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या काठांवर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला पुण्यामुंबईहून गाड्या भरभरून येतात. माझे लक्ष मात्र वर्षानुवर्षे पट्टकादंबांवर असते. पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या आडव्या पट्ट्या असलेला हा राखी हंस आमच्याकडचे नाववाले सरसकट ‘राजहंस’ म्हणून दाखवतात. मार्च सरत आला की त्यांचे थवे पातळ होत जातात आणि एका सकाळी हरभऱ्याचे रान नुसते रान उरते. हे पक्षी लडाख, तिबेट, चिंगहाई आणि मंगोलिया इथल्या उंचावरील सरोवरांकाठी वीण करतात. मंगोलियात गळ्यात पट्टे चढवलेले पट्टकादंब दक्षिण भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे उजनीवरचे हंस लडाखलाच जातात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण यांची घरे कशी आहेत आणि ती उघडताना कसे दिसते, एवढे एकदा पाहून यावे, असे फार दिवस मनात होते.

लेहमधल्या ज्या प्रवास कार्यालयातून आम्ही गाडी ठरवली, तिथल्या मंडळींना हा बेत पसंत नव्हता. ‘एप्रिलमध्ये थंडीशिवाय काय आहे? जूनमध्ये या, पिल्ले दिसतील,’ असा त्यांचा सल्ला होता. व्यवसायाच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता, कारण जूनमध्ये काळ्या मानेच्या क्रौंचाचे पिल्लू आईच्या पायाशी दिसू शकते आणि रस्त्यांची धास्ती नसते. परंतु नांदते घर पाहणे वेगळे आणि घराचे कुलूप निघत असताना अंगणात उभे असणे वेगळे. आम्हाला दुसरे हवे होते.

सेवेची पहिली परीक्षा लेहमध्येच झाली. कार्यालयाने आखून दिलेल्या कार्यक्रमात लेहमध्ये फक्त एक मुक्काम होता आणि दुसऱ्या दिवशी थेट पठार. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर आणि त्सो कर ४,५०० मीटरच्याही वर, हा हिशेब ज्याला करता येतो त्याने असा कार्यक्रम आखू नये. आमच्या भावी मार्गदर्शकाने, म्हणजे त्या घरच्या थोरल्या मुलाने, मात्र फोनवर पहिल्याच बोलण्यात विचारले की लेहमध्ये किती रात्री थांबणार आहात, आणि ‘एक’ असे उत्तर ऐकल्यावर म्हणाला, ‘तीन थांबा, नाहीतर येऊ नका, पैसे परत देतो.’ आम्ही तीन रात्री थांबलो. पहिल्या दिवशी माझ्या पत्नीचे डोके असे ठणकत होते की जिना चढणे नकोसे झाले, आणि तिसऱ्या दिवशी ती शेयच्या बाजूला विलोच्या रांगांखालून हुदहुदामागे निवांत फिरत होती. हुदहुद, शेपटी थरथरवत कुंपणावर बसणारा थिरथिरा, असे आमच्या शेतात हिवाळाभर दिसणारे पक्षी तिथल्या निष्पर्ण झाडांवर आणि दगडी गडग्यांवर आमच्या आधी पोहोचून स्थिरस्थावर झाले होते.

या तीन दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीत पट्टकादंबाविषयीचा आदर वाढला. उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारी यंत्रे बांधून या पक्ष्यांचा अभ्यास झाला आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या मैदानातून माथ्यावर चढायला त्यांना साधारण सात-आठ तास पुरतात, तेही वाऱ्याचा टेकू न घेता, रात्री किंवा भल्या पहाटे, जेव्हा हवा थंड म्हणून दाट आणि शांत असते. विरळ हवेतून प्राणवायू पकडण्यात त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन इतर हंसांपेक्षा तरबेज असते. मात्र ‘हा पक्षी एव्हरेस्टवरून उडतो’ हे वाक्य जे प्रत्येक माहितीपत्रकात हमखास असते, त्याला या अभ्यासातून दुजोरा मिळाला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींमध्ये सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर होती, आणि बहुतेक सगळे उड्डाण ५,५०० मीटरच्या खालून, खिंडी आणि दऱ्या धरून झालेले होते. कार्यालयाच्या पत्रकात एव्हरेस्ट होता. आमच्या मार्गदर्शकाला मी मुद्दाम विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘रस्ता असताना डोंगरावरून कोण जाईल?’ या उत्तराला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

लेहहून निघाल्यावर उपशीपासून रस्ता सिंधूचे पात्र सोडत नाही. चुमाथांगच्या गरम झऱ्यांवरून माहेच्या पुलापाशी नदी ओलांडली की पुगाची दरी लागते, आणि तिथे आमच्या सहलीची खरी सुरुवात झाली. पुगामध्ये जमिनीच्या पोटातून उकळते पाणी वर येते. गंधकाचे पिवळट पापुद्रे धरलेल्या मातीतून वाफ निघत असते, आणि सगळा मुलूख गोठलेला असताना तिथला ओढा आणि त्याभोवतीची दलदल मोकळी राहते. मार्गदर्शकाने गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबवली आणि काचा खाली करून गाडीतूनच पाहायला सांगितले. पंधरा फुटांवर, वाफेच्या कडेला, पिवळ्या डोक्याचा धोबी होता. हिवाळ्यात आपल्याकडे पाटाच्या पाण्यावर हा मळकट, फिकट रंगाचा दिसतो. इथे त्याचे डोके हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक झाले होते आणि मानेमागची काळी पट्टी ताज्या शाईची वाटत होती. बर्फाच्या कडेवरून तो दोन पावले धावे, कोमट पाण्यात चोच घालून काहीतरी टिपी आणि पुन्हा बर्फावर येऊन शेपटी हलवी. ओळखीचा माणूस एकदम लग्नाच्या पोशाखात समोर यावा, तसे झाले.

त्याच ओढ्यावर चक्रवाकांच्या सात जोड्या होत्या. आपल्या जुन्या काव्यात रात्री एकमेकांपासून ताटातूट होणारे हे पक्षी विरहाचे प्रतीक झाले आहेत. पुगामध्ये मात्र त्यांची दुपारभर कडाक्याची भांडणे चालली होती, कारण कड्यातली कपार हे त्यांचे घर आणि बऱ्या कपारी मोजक्याच. माद्या नरांना चिथावत होत्या आणि नर मान जमिनीलगत घालून एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. उजनीच्या काठावर सुस्त पडून असलेले चक्रवाक मी आयुष्यभर पाहिले आहेत. हेच का ते, असा प्रश्न पडावा इतका हा वेगळा पक्षी होता.

पुगाहून पोलोकोंगका ला ही पाच हजार मीटरला थोडी कमी असलेली खिंड ओलांडून आम्ही त्सो करच्या खोऱ्यात उतरलो. घराविषयी थोडक्यात लिहितो, कारण अशा ठिकाणी घर हा सेवेचा निम्मा भाग असला तरी त्यात वर्णन करण्यासारखे फारसे काही नसते. जाड मातीच्या भिंती, मधल्या खोलीत शेणाच्या गोवऱ्यांवर चालणारी बुखारी, तिच्याभोवती गालिचे आणि ठेंगणी मेजे. झोपायच्या खोल्यांत शेगडी नाही, आणि एप्रिलमध्ये रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, हे सांगून टाकलेले बरे. प्रत्येकाला तीन रजया मिळतात. त्यांना मेंढीचा वास येतो आणि दुसऱ्या रात्रीपासून तो येईनासा होतो. दिवा सौरऊर्जेवर, नऊ वाजता मंद होणारा. शौचालय लडाखी पद्धतीचे कोरडे, म्हणजे ‘छागरा’, घरापासून वीस पावलांवर, आणि पहाटे चार वाजता वीस पावले फार असतात. अंघोळीची अपेक्षा ठेवू नये. जेवण साधे आणि भरपूर होते: खंबीर रोटी, थुकपा, स्क्यू, भातावर डाळ, आणि घरच्या आजी, ज्यांना आम्हीही ‘अमा-ले’ म्हणू लागलो, पेला रिकामा दिसला की त्यात ओतत असलेला लोणी-मिठाचा गुर-गुर चहा. तो आवडत नसेल तर पेला भरलेलाच ठेवावा, हा उपाय माझ्या पत्नीने शोधला. प्राणवायूचे नळकांडे कोपऱ्यात होते, आणि त्याची चावी फिरते का हे मार्गदर्शकाने आमच्यासमोर तपासून दाखवले. ही गोष्ट कोणी न मागता दाखवली जाते का, हे अशा कोणत्याही मुक्कामात पाहावे.

स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटावर एक जुने रंगीत चित्र होते: दीर्घायुष्याची सहा प्रतीके, म्हणजे म्हातारा, झाड, खडक, पाणी, हरणे आणि क्रौंचांची जोडी. बौद्ध मठांच्या भिंतींवरही हे चित्र असते. काळ्या मानेच्या क्रौंचाला इथले लोक ‘ठुंग-ठुंग कर्मो’ म्हणतात, आणि २०२१ मध्ये लडाखने त्याला आपला राज्यपक्षी म्हणून जाहीर केले. जगातल्या क्रौंचांच्या पंधरा जातींपैकी अशा उंच पठारावर राहणारा हा एकटाच, आणि या मुलखाच्या दुर्गमतेमुळे शास्त्राला सगळ्यांत शेवटी, १८७६ मध्ये, माहीत झालेलाही हाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही सरोवराकडे निघालो. त्सो कर म्हणजे पांढरे सरोवर. काठावरच्या मिठाच्या थरांमुळे ते नाव पडले आहे. त्याच्या दक्षिणेला स्तार्त्सापुक त्सो हे गोड्या पाण्याचे लहान सरोवर असून त्याचे पाणी एका ओढ्याने खाऱ्या सरोवराकडे जाते. २०२० मध्ये या सगळ्या पाणथळ प्रदेशाचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला. आम्ही पाहिले तेव्हा गोड्या सरोवराचा मधला भाग अजून बर्फाखाली होता, पण ओढा जिथे बाहेर पडतो तिथे आणि काठाच्या कडेने हातभर ते दोन-तीन पुरुष रुंदीची पाण्याची पट्टी सुटली होती. त्या पट्टीत पट्टकादंब होते. मी मोजले ते त्रेचाळीस. काही बर्फाच्या कडेवर एका पायावर उभे, काही पाण्यात, आणि बरेचसे काठच्या पिवळ्या, नुकत्या वितळलेल्या गवतात चोची खुपसत होते. सूर्य डोंगराच्या वर यायच्या बेतात असताना दक्षिणेकडून ओळखीचा अनुनासिक आवाज आला, आणि खिंडीच्या बाजूने अकरा हंसांची तिरपी ओळ खोऱ्यात उतरली. उतरताना त्यांनी घिरट्या घातल्या नाहीत. ते सरळ आले, पंख उलटे मारून बर्फावर टेकले, दोघे-तिघे बर्फावरून हातभर घसरले, आणि मग सगळे बराच वेळ नुसते उभे राहिले. उजनीवर मी त्यांना शेकडो वेळा उतरताना पाहिले आहे. तिथे ते उतरल्या उतरल्या गोंगाट करतात. इथे पाच-सात मिनिटे एकानेही आवाज केला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे परीक्षण लिहितो आहे, ती सांगतो. ओल्या कुरणाच्या कडेपासून पाचशे पावले अलीकडे तीन दगड एकावर एक रचून ठेवलेले आहेत. मार्गदर्शकाने तिथे दुर्बिणीचे तिकाटणे उभे केले आणि सांगितले की आपण इथून पुढे जायचे नाही. पलीकडे, कुरणाच्या मध्यावर, क्रौंचांची एक जोडी चरत होती. नुसत्या डोळ्यांना ते दोन राखी ठिपके होते. दुर्बिणीतून काळी मान, माथ्यावरचा लाल टिळा आणि झुबकेदार काळी शेपटी दिसत होती. माझ्या मेहुण्यांनी या सहलीसाठी ६०० मिलिमीटरची लेन्स भाड्याने आणली होती. ते दहा मिनिटे गप्प राहिले आणि मग मला म्हणाले, ‘दाजी, एवढे ओझे वाहून आणून ठिपक्यांचे फोटो काढायचे का?’ तक्रार रास्त होती, कारण लेहच्या कार्यालयाने ‘जवळून छायाचित्रणाची संधी’ असे शब्द लिहून दिले होते.

मार्गदर्शकाने वाद घातला नाही. त्याने मला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला आणि एका मिनिटात पक्षी किती वेळा डोके वर करतो ते मोजायला सांगितले. तीन-चार वेळा. दुसऱ्या मिनिटालाही तितकेच. मग तो मेहुण्यांना म्हणाला, ‘सर, पन्नास पावले पुढे जा, तिथे थांबा आणि सांगेन तेव्हा परत या.’ मेहुणे निघाले. ते तिसाव्या पावलावर असतील-नसतील, तेवढ्यात दोन्ही पक्ष्यांनी माना वर केल्या, आणि त्या वरच राहिल्या. कोणी उडाले नाही, कोणी ओरडले नाही. डोळ्यांना तसे काहीच घडले नव्हते. मेहुणे परत येऊन खाली बसल्यानंतर मादीने पुन्हा चोच मातीत घातली, तेव्हा माझ्या घड्याळात चौदा मिनिटे झाली होती. या दिवसांत तिला खाण्यापलीकडे दुसरे काम नसते. तिला साधारणपणे दोन अंडी घालायची असतात, महिनाभर ती उबवायची असतात, आणि पाणी पुन्हा गोठायच्या आत पिल्लाला उडते करायचे असते. दोन पिल्लांपैकी बहुधा एकच टिकते. दिवसाला पाच गाड्या आणि प्रत्येक गाडीमागे चौदा मिनिटे, हा गुणाकार मार्गदर्शकाने आमच्याकडूनच करून घेतला.

आमच्याकडे उजनीत काही नाववाले पाहुण्यांना खूश करण्यासाठी इंजिन चालू ठेवून थव्यात नाव घालतात. थवा उडाला की कॅमेऱ्यांचा कडकडाट होतो, आणि उतरताना पाहुणे शंभर रुपये जास्त देतात. मीही पूर्वी दिले आहेत. पक्षी दाखवणाऱ्या माणसाचे कौशल्य तो आपल्याला किती जवळ नेतो यावर मोजायचे, ही सवय तिथेच लागली असावी. या घरातल्या सेवेचे मोल मी उलट्या मापाने करतो: तो आम्हाला कुठे थांबवतो, आणि थांबवल्यावर तिथून काय दाखवू शकतो. त्या दगडांपासून आम्ही तीन सकाळी मिळून जे पाहिले, ते जवळ गेल्यावर दिसलेच नसते. तिसऱ्या सकाळी त्या जोडीने चोची आभाळाकडे करून एकामागोमाग एक साद घातली. आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत यायला अंमळ वेळ लागत होता, म्हणून दुर्बिणीत चोच आधी उघडताना दिसे आणि तुतारी मागाहून ऐकू येई. मग नराने गवताची काडी उचलून हवेत उडवली आणि पंख अर्धे उघडून उंच उडी मारली. हे सगळे दोन मिनिटे चालले, आणि मग दोघे काही झालेच नाही अशा थाटात चरू लागले. मेहुण्यांनी त्या दोन मिनिटांत एकही फोटो काढला नाही, कारण ते त्या वेळी दुर्बिणीपाशी होते आणि तिथून उठायला तयार नव्हते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. घरची दुर्बीण जुनी आहे. तिच्या तिकाटण्याचा एक पाय दोरीने बांधलेला असून वारा सुटला की चित्र थरथरते, आणि दुपारी बारानंतर या पठारावर वारा सुटतोच. कार्यालयाने कबूल केलेली दुसरी दुर्बीण आली खरी, पण तिच्या भिंगात आतून वाफ धरलेली होती. मार्गदर्शकाचे पक्ष्यांच्या वागण्याचे ज्ञान अव्वल असले, तरी लहान पक्ष्यांची नावे सांगताना तो अडखळतो. डोंगरउतारावरच्या चिमण्यांसारख्या पाखरांना त्याने तीन वेळा तीन वेगळी नावे दिली. ज्यांना यादी वाढवायची आहे, त्यांनी आपले पुस्तक सोबत न्यावे. शिवाय एप्रिलमध्ये यादी तशी लहानच राहते. शिंगी चंडोल आणि तिबेटी पखुर्डी हे बारमाही रहिवासी भेटले, क्यांग नावाच्या जंगली गाढवांचे कळप रोज दिसले, तपकिरी डोक्याचे मोजके कुरव आले होते. पण किनाऱ्यावरच्या चिखलातून, म्हणजे अगदी आपल्या शिवडीसारख्या ठिकाणांहूनही, या बाजूला वीण करायला येणारे लहान वाळू-चिखले आम्ही निघेपर्यंत पोहोचले नव्हते. ते पाहायचे असतील तर मे महिना गाठावा.

सगळ्यांत मोठी गैरसोय झाली ती लेहहून आलेल्या गाडीमुळे. तिसऱ्या दुपारी मार्गदर्शक सोबत नसताना आमच्या चालकाने आडवाट घेऊन काठाकडे जायचा आग्रह धरला. आम्ही नको म्हणायला उशीर केला, हा आमचा दोष. वरून कोरडी, पांढरी, फरशीसारखी दिसणारी जमीन म्हणजे मिठाचा पापुद्रा होता आणि त्याखाली काळा चिखल. मागची दोन्ही चाके आसापर्यंत रुतली. साडेचार हजार मीटरच्या वर फावडे चालवणे म्हणजे काय, हे त्या तीन तासांत कळले. दर आठ-दहा वेळा माती उपसली की बसून धाप टाकायची. शेवटी घरधनी शेजारचा पिकअप आणि दोर घेऊन आले आणि एक शब्दही न बोलता त्यांनी गाडी ओढून काढली. संध्याकाळी मार्गदर्शक पुन्हा तिकडे गेला आणि चाकांनी पाडलेले चर पायाने आणि फावड्याने बुजवत बसला. तो म्हणाला की असा चर राहिला की पुढची गाडी तोच रस्ता समजते, आणि वर्षाकाठी कुरणावर एक नवा रस्ता तयार होतो, ज्यावर पुन्हा गवत येत नाही. त्यामुळे माझा सल्ला असा, की गाडीही शक्यतो त्याच मुलखातल्या माणसाची घ्यावी, भाडे थोडे जास्त पडले तरी.

कुत्र्यांविषयीही लिहायला हवे, कारण या घराच्या एका नियमाचा त्यांच्याशी संबंध आहे. छावण्या, रस्त्याच्या कामावरच्या वस्त्या आणि पर्यटकांचे तंबू यांच्या उरल्यासुरल्या अन्नावर पोसलेली भटकी कुत्री हा आज चांगथांगमध्ये क्रौंचांच्या अंड्यांना आणि पिल्लांना मोठा धोका झाला आहे. शेवटच्या संध्याकाळी चार कुत्री कुरणाच्या कडेने एका ओळीत, नाक खाली घालून जाताना आम्हाला दिसली. अजून अंडी नव्हती. ती नुसती पाहणी करत होती, असेच म्हणावे लागेल. घरचे दोघे बापलेक गोफणी घेऊन धावले. चांगपांच्या गोफणी मेंढ्या वळवण्यासाठी असतात, आणि नेम असा की दगड कुत्र्याच्या पुढे हातभर पडत होता, अंगावर नाही. या घरात ताटात टाकलेले अन्न बाहेर फेकले जात नाही. ते घरच्या गुरांना जाते, आणि हाडे, वेष्टने, बिस्किटांचे पुडे असे सगळे एका पोत्यात भरून पाहुण्यांच्या गाडीतून लेहला परत पाठवले जाते. निघताना ते पोते टपावर बांधलेले पाहून आमचा चालक कुरकुरला. मुक्काम ठरवण्यापूर्वी विचारण्याजोगा प्रश्न हा आहे: तुमचा कचरा कुठे जातो?

खर्चाचे बोलायचे तर घरी माणशी दिवसाला २,००० रुपये, दोन्ही वेळच्या जेवणासह, आणि मार्गदर्शकाचे दिवसाला २,५०० रुपये पडले. विमान आणि लेहची गाडी यांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि लहान मुले सोबत असलेल्यांनी एप्रिलमध्ये जाऊ नये. जवळचे रुग्णालय बऱ्याच तासांवर आहे. ज्यांना पक्ष्याने चौकट भरलेले छायाचित्र हवे आहे, त्यांनीही जाऊ नये, म्हणजे त्यांचा आणि मार्गदर्शकाचा दोघांचाही वेळ वाचेल. बाकी सगळ्यांना मी पाचपैकी साडेचार तारे देईन. अर्धा तारा त्या दोरी बांधलेल्या तिकाटण्याचा.

एक गोष्ट राहिली. बुखारीच्या मागे, भिंतीच्या चुन्यावर, घरधन्यांनी पेन्सिलने आकड्यांच्या दोन ओळी लिहिल्या आहेत. एक ओळ पहिला क्रौंच दिसला त्या तारखांची, दुसरी पहिला हंस उतरला त्या तारखांची. मध्ये काही वर्षे गाळलेली, कारण तेव्हा कुटुंब मेंढ्यांमागे दुसऱ्या खोऱ्यात होते. मी उजनीच्या काठचा आहे हे कळल्यावर त्यांनी विचारले, ‘तुमच्याकडून कधी निघतात?’ पंचवीस हिवाळे पाहिलेल्या माणसाला ‘मार्चअखेर’ एवढेच सांगता आले. त्यांनी मान हलवली आणि भिंतीवर काही लिहिले नाही.

या वर्षी कुंभारगावच्या काठावर मला शेवटचा थवा दिसला, त्या दिवसाची तारीख मी त्यांना फोनवर लिहून पाठवली. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्यात भिंतीचा फोटो होता: दोन ओळींच्या खाली तिसरी ओळ सुरू केलेली, तिच्यात आमची एकच तारीख, आणि तिच्यापुढे बरीच जागा कोरी सोडलेली.